डाव्या पेटीतला पाटा

माझ्या सासरी घाऊक रेशमी साड्यांचा धंदा होता आणि संशय हा त्या धंद्याचाच एक भाग होता. चिकपेटेत दुकान आणि मागच्या गल्लीत घर, खाली गोदाम आणि वर आम्ही. साड्यांचा गठ्ठा आला की सासूबाई जिना उतरून यायच्या, एका साडीच्या कडेचा धागा ओढायच्या, उदबत्तीच्या विस्तवावर धरायच्या आणि वास घ्यायच्या. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम खरं. नाही आला तर विणकर समोर पान खात बसलेला असला तरी त्या गठ्ठ्याकडे पुन्हा बघायच्या नाहीत. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत, सासऱ्यांना अण्णा. मीही तेच म्हणायला लागले.

मी पुण्याची. नव्वदच्या दशकात लग्न करून बेंगळुरात आले तेव्हा इथं जुनी मराठी घरं असतील याची मला कल्पनाही नव्हती. पुण्यात अजून पेठा वसायच्या होत्या तेव्हापासून आम्ही इथं आहोत, असं मला पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आलं. त्यांच्या मराठीत 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' म्हणत, आणि माझ्या मराठीला 'रेडिओ' म्हणत. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. सकाळी कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी यायचा आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर "मला त्यात घेऊ नको" एवढंच म्हणायचा. त्यामुळे सासरच्या संशयखात्यात एक जागा रिकामी होती आणि ती माझ्याकडे आली. नाही म्हणायचं कारण नव्हतं. आमच्या माहेरी दुधात पाणी आहे की नाही याचा निकाल दूधवाला जिना चढायच्या आत लागलेला असायचा.

गोदामाच्या बोळात अण्णांची मोटारसायकल उभी असे. काळी, साडेतीनशे सीसीची, म्हशीसारखी रुंद. पुढे पाय वाचवायला लोखंडी गार्ड, मागे साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. त्या पेट्या त्यांनी जे. सी. रोडवरून खास करून घेतल्या होत्या, तरुणपणी, जेव्हा ते आणि अक्का दरवर्षी त्या गाडीवरून कुलदेवीला तुळजापूरला जात. मी आले तेव्हा अण्णा साठीच्या अलीकडे पोचले होते. शांत माणूस. दुकानात गादीवर बसले की गिऱ्हाईक गेल्यावरही तसेच बसून राहायचे. तुळजापूरला आम्ही सगळे आता बसने जात होतो. गाडी मात्र रोज पुसली जायची आणि रविवारी सकाळी बाहेर पडायची.

कुठे, तर होसकोट्याला. कशाला, तर तिकडे एक विणकर आहे, त्याचे माग बघायला. दर रविवारी तोच विणकर, तेच माग. दुपारी परत यायचे तेव्हा चाकाला तांबडी माती आणि पोटात भूक नाही. रविवारचं जेवण अक्का स्वतः करायच्या. अण्णा ताटावर बसून भाताभोवती बोट फिरवायचे.

"काय खाल्लंत तिकडे?" अक्का विचारायच्या.

"विणकरानं आग्रह केला," ते म्हणायचे.

अक्का माझ्याकडे बघायच्या, आणि मी आमटी वाढायच्या निमित्ताने मान खाली घालायचे. मला तेव्हा वाटायचं की मी फार मुरलेली हेर आहे. नंतर कळलं की माझ्या तोंडावर सगळं उमटतं आणि अण्णा आमटी नको असली तरी माझी दया येऊन घ्यायचे.

मग पाट्याची गोष्ट झाली.

आमच्याकडे मिक्सर येऊन बरीच वर्षं झाली होती. पाटा-वरवंटा मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, सणावारी पुरणाला काढायचा. मिक्सर आल्या दिवसापासून अण्णांची एकच तक्रार होती, की चटणीला चव राहिली नाही. खोबरं वाटलं जात नाही, नुसतं कापलं जातं, असं त्यांचं म्हणणं. अक्कांनी ते इतकी वर्षं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं होतं. एका सोमवारी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि पाट्याकडे बोट दाखवलं. टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडलेली बाजू नेहमी भिंतीकडे असायची, आज बाहेर होती. शिवाय त्यावर धूळ नव्हती. महिनोन्‌महिने न हललेल्या दगडावर धूळ नाही म्हटल्यावर मी पुण्याचं सगळं शहाणपण पणाला लावून म्हणाले, की मोलकरणीनं पुसला असेल. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नायलॉनची साडी रेशमी म्हणून दाखवली.

पुढच्या रविवारी अण्णा निघून गेल्यावर आम्ही दोघी मागे गेलो. भिंतीशी पाटा नव्हता, वरवंटाही नव्हता. संध्याकाळी बघितलं तर दोन्ही जागेवर.

अक्का पाटावर बसल्या आणि त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. माणूस घरातलं भांडं नेतो तेव्हा ते मोडीत घालायला नेतो. पाटा नेतो तो संसार मांडायला नेतो. होसकोट्यात कुणीतरी आहे. तिच्याकडे मिक्सर नाही, किंवा असला तरी ती ह्यांच्यासाठी दगडावर वाटते. ह्यांना दगडावरची चटणी हवी होती, मी ऐकलं नाही, तिनं ऐकलं. पोट तिकडेच भरतं. संध्याकाळी पाटा परत आणतात तो मला कळू नये म्हणून.

हे सगळं इतकं घट्ट बसत होतं की मला त्यात फट सापडेना. मी म्हटलं, वास घेऊन बघू. अक्कांनी पाट्याला नाक लावलं, मग मला लावायला सांगितलं. खोबरं, मिरची, कोथिंबीर, कशाचाच वास नव्हता. पेट्रोलचा होता.

"बघितलंस," अक्का म्हणाल्या. "स्टोव्हवर करते ती."

मी मान डोलावली. त्या काळात मी बऱ्याच गोष्टींना मान डोलावली आहे.

अक्कांचा भाऊ तंजावरला असतो. तिकडेही आपली जुनी मराठी घरं आहेत. अक्का म्हणाल्या, नणंदेचं बाळंतपण होऊ दे, बारसं होऊ दे, मग मी भावाकडे जाते. किती दिवसांसाठी ते त्यांनी सांगितलं नाही. नणंद तेव्हा दिवस भरत आल्याने माहेरी आली होती आणि तिच्या कानावर काही जाऊ द्यायचं नव्हतं. पलंगाखाली अक्कांची जुनी लोखंडी ट्रंक होती, ती एका दुपारी बाहेर आली आणि तिच्यात साड्या जायला लागल्या. रागाने भरलेली ट्रंक मी पाहिली होती, माझ्या आईची. तिच्यात उशा आणि चादरीही असायच्या, म्हणजे बाबांना ती मोठी दिसावी. अक्कांची ट्रंक व्यवस्थित भरली जात होती. साड्यांत डांबराच्या गोळ्या, पुडीत कुंकू, थंडीची शाल. मला पहिल्यांदा भीती वाटली.

तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं की ह्या रविवारी आपण स्कूटर काढायची आणि अण्णांच्या मागे जायचं. तो म्हणाला, मला त्यात घेऊ नको. मी म्हटलं, तू नुसती स्कूटर चालव, त्यात नसलास तरी चालेल.

एवढ्या मोठ्या आवाजाच्या गाडीचा पाठलाग करायला अक्कल लागत नाही, असा माझा समज होता. अण्णा कृष्णराजपुरमपर्यंत दिसत होते. तिथं आमच्या स्कूटरने प्लग काळा करून घेतला. नवरा रस्त्याच्या कडेला बसून तो पुसत राहिला आणि मी हेर असल्यासारखी पदराने तोंड झाकून उभी राहिले. जाणारा-येणारा प्रत्येक माणूस थांबून काही मदत हवी का विचारत होता. होसकोट्याला पोचलो तेव्हा अण्णांचा पत्ता नव्हता. विणकरांची वस्ती कुठे म्हणून विचारलं तर लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग नवऱ्याने आयुष्यात प्रथमच त्यात स्वतःला घेतलं आणि म्हणाला, "ऐक."

लांबून आवाज येत होता. एका गाडीचा नव्हे.

गावाबाहेर कारखान्यांसाठी जागा आखलेली होती. रस्ते झाले होते, कारखाने व्हायचे होते. रविवारी तिथं कुत्रंही नसायचं. एका सरळ रस्त्याच्या तोंडाशी निलगिरीखाली चार जड मोटारसायकली उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती चार वयस्कर माणसं. एक अण्णा. एक मिशाळ निवृत्त सुभेदार. एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाला. बाजूला एक बाई टोपली घेऊन बसली होती, इडल्या विकत. मी आधी तिच्याकडे बघून घेतलं. वय अक्कांच्या आगेमागे, नाकात चमकी, चेहऱ्यावर कुणाच्या संसारात पडायला वेळ नसल्याचा भाव. तरीही मी तिची नोंद ठेवली.

अण्णांनी आम्हाला पाहिलं. दचकले नाहीत. चोरी सापडलेल्या माणसाने निदान चष्मा तरी काढून पुसावा. ते म्हणाले, "इडली खा."

आणि त्यांनी डाव्या बाजूची पेटी उघडून दाखवली. तळाशी आमचा पाटा होता, भोवती जुन्या धोतराच्या घड्या. उजव्या पेटीत वरवंटा, खलबत्ता आणि दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज.

ते शर्यत लावत होते. अण्णांना ते मला दोनदा सांगावं लागलं. ह्या गाड्या लांबच्या प्रवासाच्या, माणूस, बायको, सामान घेऊन हळूहळू तुळजापूरला जाण्याच्या. त्यांची शर्यत म्हणजे म्हशींची लंगडी. पण त्यांचा एक नियम होता आणि तो ते फार मानत. प्रवासाच्या गाडीची शर्यत प्रवासाच्या सामानासकट. गार्ड काढायचं नाही, साडीची जाळी काढायची नाही, पेट्या भरलेल्या हव्यात. पूर्वी कुणीतरी सगळं उतरवून गाडी हलकी करून आला होता आणि जिंकून गेला होता, तेव्हापासून हा नियम. वजन करायला काटा नव्हता. समोरच्याची पेटी आपण उचलून बघायची, आपली त्याने. दोघांनी 'सरी' म्हटलं की निघायचं. पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत.

मी विचारलं, पाटाच का. अण्णांनी दुकानात पोत समजावून सांगावा तसं सांगितलं. तांदळाचं पोतं वळणावर सरकतं आणि गाडी बाहेर खेचतं. विटा खडखडतात. पाटा एकदा बसला की बसला. खाली बसतो, पसरून बसतो. घरात इतकी वर्षं नुसता भिंतीला टेकून होता, इथं उपयोगी पडतो.

मला ह्या सगळ्याचा संशयच आला. एवढ्या वजनाला एवढी घाई कशाला? तसं मी म्हणाले असेन, कारण अण्णांनी मागच्या सीटवर थाप मारली.

मी बसले. दिव्याच्या वरच्या ॲम्पियर-मीटरचा काटा मधोमध येईपर्यंत त्यांनी किक हळूच दाबली, मग एकदाच खाली मारली. गाडी लगेच निघाली नाही. जड गाडी आधी सगळं ऐकून घेते. मग एकेक धक्का, जणू कुणी जिन्यावरून कपाट उतरवतंय, आणि त्या धक्क्यांच्या मध्ये अंतर कमी होत जातं, आणि एका क्षणी धक्के संपतात. तो आवाज कानाने ऐकावा लागत नाही, बरगड्यांतून येतो. आमच्या स्कूटरवर वारा झोंबतो. इथं वारा बाजूला होत होता. वेग फार नव्हता, शेजारून एखादी हलकी गाडी सहज पुढे गेली असती. पण थांबवणं आता कुणाच्या हातात नव्हतं, निदान मला तसं वाटलं, आणि मी अण्णांचा सदरा दोन्ही मुठींत धरून सासरच्या सगळ्या देवांना हाका मारल्या. टाकीपाशी गाडी कलली. दोन्ही पेट्या एखाद्या बाईने कमरेच्या दोन्ही बाजूंना घागरी तोलाव्या तशा तोलल्या गेल्या आणि आम्ही वळून आलो. उतरल्यावर मी 'पुन्हा एकदा' म्हणणार होते. नवरा बघत होता म्हणून म्हणाले नाही.

अण्णा म्हणाले, हलकी गाडी कुणीही पळवेल. म्हातारा बैल पळायला लागला की सगळं गाव बाहेर येतं. मग म्हणाले, की गादीवर बसून बसून माणसाला वाटायला लागतं आपण आता हलणार नाही.

अक्कांपासून का लपवलं, ते मात्र हसत सांगितलं नाही. तरुणपणी तुळजापूरहून परत येताना चित्रदुर्गाच्या अलीकडे ते एका लॉरीशी शर्यत लावत होते आणि वळणावर पडले. अक्का मागे होत्या. त्यांच्या कोपरावर जो लांब व्रण आहे, मी भाजल्याचा समजत होते, तो त्या वळणाचा. दवाखान्यातच अण्णांनी कुलदेवीची शपथ घेतली होती की शर्यत लावणार नाही. त्यानंतर अक्का त्या गाडीवर बसल्या नाहीत.

"वेगात चालवत नाही मी," ते मला म्हणाले. "ही गाडी वेगात जातच नाही. ती फक्त दुसऱ्याच्या पुढे जाते."

मी त्यांना ट्रंकेचं सांगितलं. अण्णांच्या हातातली इडली तशीच राहिली. बारसं झालं की मी स्वतः सांगतो, म्हणाले, देवीसमोर सांगावं लागेल. तोवर तू काही बोलू नको.

मी बोलले. त्याच संध्याकाळी. ट्रंकेत शालीवर दुसरी शाल पडताना बघून मला राहवेना. अक्कांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सुभेदार, नियम, पेट्या, पाण्याची टाकी. लॉरीचं मी गाळलं. मग त्या म्हणाल्या, "ही गोष्ट रचायला तुम्हा तिघांना किती दिवस लागले गे?"

मी शपथेवर सांगितलं.

"साठीला आलेला माणूस माझा पाटा घेऊन शर्यत लावतो," त्या म्हणाल्या. "असं कुणी सांगितलं तर तू मानशील?"

मी मानलं नसतं. खरं म्हणजे घरी परत आल्यावर माझाच त्यावर पुरता विश्वास उरला नव्हता. होसकोट्याला दुसरी बायको असणं ही त्यापेक्षा कितीतरी समजूतदार गोष्ट होती. त्या दिवसापासून अक्का माझ्यासमोर कपाट उघडेनाशा झाल्या. मी शत्रूपक्षात गेले होते. वर अण्णाही माझ्याशी जपून बोलायला लागले, कारण मी फितूर झालेय हे त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं.

नणंदेला मुलगी झाली. बारसं रविवारी आलं, संध्याकाळी. आमच्यात बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, कुंची घालायची आणि बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातांत द्यायचा. बाळ दगडासारखं धट्टंकट्टं राहावं म्हणून. रविवारी सकाळी अक्का वरवंट्याला तेल लावायला मागे गेल्या आणि भिंतीशी फक्त डाग होता.

अण्णांच्या मनात काय असेल, याचा मी नंतर पुष्कळदा विचार करून पाहिलाय. संध्याकाळपर्यंत येऊ असं त्यांना वाटलं असणार. शेवटचा रविवार म्हणून गेले असतील. वरवंटा हा त्यांच्या मनात आता पेटीतल्या सामानात गेला होता, बारशाच्या सामानात उरला नव्हता.

अक्कांनी आवाज चढवला नाही. त्यांनी ट्रंकेचं कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, बारशाची नवी साडी नेसल्या आणि मला म्हणाल्या, चल. कुठे म्हणून मी विचारलं नाही. खाली ऑटो उभी केली. होसकोटे म्हटल्यावर ऑटोवाला म्हणाला, अम्मा, दूर आहे. अक्का आत बसल्या होत्या. आधी वरवंटा घेऊ, बारसं करू आणि रात्रीच्या गाडीने मी जाते, हे त्यांनी मला जुन्या मद्रास रस्त्यावर कुठेतरी सांगितलं, बाहेर बघत. मी काही बोलू शकले असते. पण दोन्ही पक्षांनी माझ्यावरचा विश्वास काढून घेतलेला होता.

निलगिरीखाली ऑटो थांबली तेव्हा अण्णा आणि सुभेदार निघायच्या तयारीत होते. अण्णांनी अक्कांना पाहिलं आणि इंजिन बंद केलं. त्या शांततेत सगळ्यात आधी ऐकू आला तो इडलीवालीचा आवाज. ती अण्णांना कन्नडमध्ये विचारत होती, की आज चटणी स्वल्प जास्त देऊ का.

अक्का तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या दोघी एकमेकींकडे बघत असताना दातांच्या डॉक्टरांनी टोपी काढली, ते मला आठवतं. अक्कांनी वाकून टोपलीतल्या डब्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. आम्ही सगळे थांबलो होतो. ऑटोवालासुद्धा.

"मिक्सरवरची आहे," अक्का म्हणाल्या.

इडलीवाली म्हणाली, मग काय, एवढ्यांची चटणी दगडावर कोण वाटत बसणार.

अक्का अण्णांकडे वळल्या. इतकी वर्षं घरी मिक्सरच्या चटणीला नावं ठेवणारा माणूस दर रविवारी इथं बसून तीच पोटभर खात होता. अण्णांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. त्यांनी गाडी स्टँडला लावली, उजवी पेटी उघडली, धोतरातून वरवंटा काढला आणि अक्कांच्या हातात दिला. मग म्हणाले, "शपथ मोडली मी. आज संपलं. घरी चला."

सुभेदारांनी घसा साफ केला. पेटी आता हलकी झाली, म्हणजे आजची शर्यत अण्णा हरले असं धरायचं का, असं त्यांनी अगदी अदबीने विचारलं.

अण्णा हो म्हणणार होते. पण अक्का वरवंटा काखेत धरून सुभेदारांच्या गाडीपाशी गेल्या होत्या. ह्यांची पेटी कोणी उचलून बघितली का, त्यांनी विचारलं. बघितली, अण्णा म्हणाले. सुभेदार लगेच पुढे आले आणि सवयीप्रमाणे मदतीला पेटीची एक बाजू धरली. ते नेहमीच धरायचे. फौजी रिवाज आहे असं सगळे समजत.

"तुम्ही सोडा," अक्का म्हणाल्या. "मी एकटी उचलते."

उचलली, एका हाताने. मग झाकण उघडलं. वर वाळूच्या पिशव्या होत्या. गठ्ठ्यात वरची साडी कोणीही चांगली ठेवतो, हे चिकपेटेतल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण अण्णांना इतके रविवार सुचलं नव्हतं. अक्कांनी हात मधे घातला आणि बाहेर काढला तो काथ्याने भरलेला.

सुभेदारांना लाज वाटली असं मला म्हणता येणार नाही. फौजेत सामान कागदावरच जड असतं, म्हणाले, आणि बेकरीवाल्याच्या पेटीतल्या विटा मागून घेऊ लागले.

अक्का अण्णांच्या गाडीजवळ आल्या. जाळीवर एकदा बोट फिरवलं. मग नवी साडी गोळा केली, सीटवर एका बाजूने बसल्या, वरवंटा मांडीवर घेतला आणि उजवा हात अण्णांच्या खांद्यावर ठेवला. त्या हाताच्या कोपरावर तो व्रण होता.

"पेटीतलं वजन मांडीवर चालतं ना तुमच्या नियमात?" त्यांनी सुभेदारांना विचारलं.

दोन्ही गाड्या निघाल्या. धूळ खाली बसेपर्यंत मला काही दिसलं नाही. परतताना सुभेदार पुढे होते, बरेच पुढे. अण्णा मागून सावकाश आले, लग्नाच्या वरातीसारखे. मला वाटलं, संपलं. अक्का उतरतील, ऑटोत बसतील, रात्रीची गाडी.

अक्का उतरल्या नाहीत.

"टाकीपाशी तुम्ही ॲक्सिलरेटरचा हात सैल सोडलात," त्या म्हणाल्या.

"नाही," अण्णा म्हणाले.

"मी मागे होते म्हणून सोडलात. चित्रदुर्गाला ह्याच्या दुप्पट जोरात घेत होतात." आणि मग, आमच्या कुणाकडेही न बघता, "परत लावा."

दुसऱ्या वेळचं मी काय सांगू. दोन्ही गाड्या टाकीआडून जवळजवळ एकाच वेळी निघाल्या. अक्कांचा अंबाडा सुटला होता, वरवंटा त्यांनी बाळासारखा छातीशी धरला होता आणि त्या वाकून अण्णांच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या. निलगिरीपाशी कोण आधी पोचलं ते तांबड्या मातीच्या लोटात कुणालाच दिसलं नाही. सुभेदार म्हणाले आपण. डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. इडलीवाली म्हणाली तिचं लक्ष टोपलीकडे होतं.

"आम्ही," अक्का म्हणाल्या, आणि विषय संपवला.

त्या आणि वरवंटा गाडीवरून घरी गेले. मी पाटा आणि खलबत्ता पायाशी घेऊन ऑटोतून आले, आणि रस्ताभर ऑटोवाला मला विचारत होता की तुमच्या घरी नेहमी असंच असतं का. बारशाला वरवंट्याला न्हाऊ घातलं तरी छिन्नीच्या खाचेत तांबडी माती राहिलीच होती. कुंचीआडून ती दिसत होती. पाहुण्यांपैकी एकीने विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या, प्रवास झालाय त्याचा. ट्रंकेची किल्ली कमरेलाच होती. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या त्या साड्या मग एकेक करून कपाटात परत आल्या. तंजावरला आम्ही सगळेच गेलो, पोंगलला, हसत.

पुढच्या रविवारी अक्का चटणीचा डबा घेऊन गाडीवर बसल्या. दगडावर वाटलेली, आदल्या संध्याकाळी. इडलीवालीला त्यांनी सांगितलं की आमच्याकडे नुसत्या इडल्या दे. आणि शर्यतीआधी सगळ्यांच्या पेट्यांत मधोमध हात घालायचं काम त्यांनी कुणी न सांगता घेतलं. डॉक्टर त्यांना बघून आपणहून झाकण उघडायचे.

अण्णा त्यानंतर क्वचितच जिंकले. पेट्यांच्या वजनात अक्कांच्या वजनाची भर पडायची, हे कारण सगळ्यांनी धरलं होतं. मला मात्र अजून टाकीपाशीच्या त्या वळणाचा संशय आहे.